पाहण्याच्या तऱ्हांसाठी कँटोनीज शब्द : मराठीत काय योजावे?

प्रश्न (म्हापसा):
मी हाँगकाँगमधील कँटोनीज या चिनी भाषेतील काही कथांचे मराठी भाषांतर करीत आहे. ‘थै’ म्हणजे पाहणे, ‘मॉङ’ म्हणजे एखाद्या दिशेला दृष्टी लावणे, इथवर अडचण नाही. परंतु ‘ङान’ म्हणजे डोळा या शब्दापुढे एकच अक्षर दोनदा योजून घडवलेली ‘ङान कम कम’, ‘ङान तिङ तिङ’, ‘ङान क्वॉङ क्वॉङ’ ही रूपे वारंवार येतात आणि तिन्हींसाठी ‘टक लावून पाहणे’ असे लिहिणे मनाला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (फोंडा):
आपली शंका रास्त आहे. ‘कम कम’मध्ये हाव आहे, पणजीच्या बाजारात मानकुराद आंब्याचा भाव ऐकूनही ज्याची दृष्टी राशीवरून हलत नाही, त्या गिऱ्हाइकाची ती नजर. ‘तिङ’ म्हणजे स्थिर, म्हणून तेथे नजर खिळलेली असते, मग कारण भीती असो, मोह असो वा निव्वळ सुन्नपणा. ‘क्वॉङ’ म्हणजे उजेड, आणि हे रूप बहुधा झोप न लागलेल्या माणसाला लावतात, त्यामुळे आपले ‘टक्क जागा’ तेथे चपखल बसते. मराठीतही ही छटा ‘टकमक’, ‘टुकुटुकु’, ‘भिरभिर’ अशा अभ्यस्त (द्विरुक्त) शब्दांत असते, तेव्हा क्रियापद साधेच ठेवून रंग त्या शब्दांकडे सोपवावा.

उत्तर (डिचोली):
हा उपाय सर्वत्र चालणार नाही. ‘चॉङ’ (‘चाक’मधला च) म्हणजे फटीतून चोरून पाहणे आणि ‘कप’ म्हणजे पाळत ठेवणे. येथे छटा क्रियापदातच आहे. शिवाय ‘थै’सुद्धा वाटते तितके सरळ नाही, कारण कँटोनीज माणूस चित्रपटाप्रमाणेच पुस्तकही ‘पाहतो’ आणि आजारी पडला की डॉक्टरलाही ‘पाहतो’, तर आपण पुस्तक वाचतो आणि डॉक्टरला प्रकृती दाखवतो.

प्रश्नकर्ता (म्हापसा):
आभारी आहे. हाँगकाँगजवळची पोर्तुगीज वसाहत मकाव १८४४पर्यंत गोव्याच्या प्रशासनाखाली असूनही तेथील ही भाषा आपल्या कानांना इतकी अनोळखी राहावी, याचे नवल वाटते. शब्दारंभीचा ‘ङ’ मात्र जिभेवर येत नाही.

उत्तर (फोंडा):
मराठीत शब्दारंभी तो येतच नाही. हाँगकाँगमधील अनेक तरुणही तो गाळून नुसते ‘आन’ म्हणतात. जुन्या पिढीला तो उच्चाराचा आळस वाटतो, पण अर्थ कळण्यास बाध येत नाही.