मदत हवी आहे: ऑगस्ट १८९३ चे मराठी अंक (लॉर्ड हॅरिससंदर्भात)

मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस (१८९०-९५) याच्यावर लेख लिहितोय. जन्म त्रिनिदादचा, वडील तिथले गव्हर्नर, स्वतः इंग्लंडचा क्रिकेट कप्तान. एवढं सहज मिळालं. गाडी अडलीय १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीपाशी. साहेब तेव्हा पुण्यात मुक्कामी होते आणि मुंबईत उशिरा उतरले, तेही मॅच बघायला, असा आरोप आहे. इंग्रजी पुस्तकं एकमेकांचीच री ओढतात. देशी वर्तमानपत्रांचा सरकारी साप्ताहिक गोषवारा चाळला, पण तो इंग्रजीत आणि फारच त्रोटक. मूळ मराठी मजकूर हवाय. 'केसरी' सोडून त्या महिन्याचे कोणते मराठी अंक पुण्या-मुंबईत कुठल्या ग्रंथालयात पाहायला मिळतील? नाशिकहून फक्त शनिवारी येता येतं. सभासद नसलेल्याला मोबाइलवर फोटो काढू देतात का?