झोपाळा आपोआप हलला आणि वर्ग हसला. भीती कशी आणायची?

अर्धवट रीळ:
मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १२ मिनिटांची भयपट शॉर्टफिल्म करायचीय. शूट आजोळी, देवरुखजवळ. कौलारू घर, ओटीवर जुना झोपाळा. सामान म्हणजे मोबाइल, ट्रायपॉड, दोन एलईडी. चाचणी म्हणून एक सीन केला: रात्र, निळा लाइट, रिकामा झोपाळा नायलॉनच्या दोरीने ओढला, वर नेटवरचं भुताटकी म्युझिक. वर्गात दाखवला तर पोरं खो खो हसली. एक जण म्हणाला, "भूत मांजा लावून आलंय का?" नेमकं काय चुकतंय? शिवाय पडवीतल्या ट्यूबलाइटमुळे व्हिडिओत काळे पट्टे सरकतात, त्याचं काय करू?

कौलांवरचा पाऊस:
पट्ट्यांचं सोपं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मॅन्युअल कॅमेरा ॲप घे, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव. एक्स्पोजरही लॉक कर, नाहीतर अंधारात मोबाइल आपणहून उजेड वाढवतो. भुताचं मला कळत नाही.

खर्जातला:
वीस वर्षं हौशी नाटकांना साउंड देतोय, तेवढ्या हक्काने सांगतो. दोरी दिसली हे निमित्त. निळा लाइट लागला, म्युझिक चढलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं की आता झोपाळा हलणार.

आजी आहे ना घरात? पहिल्याच सीनला तिला झोपाळ्यावर बसव. कड्यांची करकर लोकांच्या कानात बसू दे. पुढे झोपाळा दाखवूच नकोस. भर दुपार, नात स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलतेय, ओटीवरून करकर येतेय. आपण धरून चालतो की आजी बसलीय. तेवढ्यात आजी परसदारातून आत येते, हातात अळू. करकर चालूच. अजून दोन झोके, मग बंद. नात मान वळवत नाही, बोलत राहते. कॅमेरा जागचा हलवू नकोस. कट करायला हात शिवशिवेल, मनात दहा मोज आणि मग कर.

करकर कडीशी मोबाइल धरून घेऊ नकोस. मोबाइल स्वयंपाकघरातच ठेव आणि ओटीवर कुणालातरी झोके घ्यायला लाव. माजघर ओलांडून येताना आवाज जसा बोथट होतो, तसा एडिटिंगमध्ये आणायचा म्हणजे मारामार. शेवटी सगळ्यांना गप्प करून रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर घे, तो सगळ्या कटांखाली पसरायचा. त्याआधी फ्रिज बंद कर. (नंतर आठवणीने चालू कर. मी एका घरचं दोन किलो आइस्क्रीम घालवलंय.)

रात्रीचा शॉट हवाच असेल तर म्युझिकऐवजी रातकिडे. जवळ पावलं वाजली की ते गप्प होतात, हे गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. मिनिटभर दोन्ही बाजूंनी किरकिर ठेव, मग फक्त डावीकडची बंद कर.

चहाबाज:
१९ हर्ट्झचा आवाज टाक. ऐकू येत नाही पण माणूस अस्वस्थ होतो म्हणतात.

खर्जातला:
वर्गातल्या स्पीकरमधून १९ हर्ट्झ बाहेरच पडणार नाही रे.

अर्धवट रीळ:
काका, रविवारी दुपारचा सीन केला. करकर स्वयंपाकघरातून घेतली, मस्त आलीय. हेडफोन लावून ऐकताना मावसभाऊ उठून ओटीवर बघून आला! पण आजी प्रत्येक टेकला आत आली की थेट कॅमेऱ्यात बघून विचारते, "आलं का नीट?" सात टेक झाले. काय करू?

खर्जातला:
तिला काम दे. आत आली की पाटावर बसून अळूची देठं सोलायला सांग, खरीखुरी, संध्याकाळच्या फदफद्याची. तिसऱ्या देठाला कॅमेरा विसरेल. तू मात्र पहिल्या देठापासून रेकॉर्डिंग चालू ठेव.