बी विंग ग्रुप : इस्तंबूलचं पॅकेज

शनिवार, रात्री ९:१२

मंजिरी ७०३ : सावंतसाहेब, एक विनंती. ते 'डोळे करा, इस्तंबूल पाहा'वालं पत्रक सकाळी ग्रुपवर टाकलंत, ठीक. पण आमच्या सायलीला वेगळं कशाला पाठवलंत? दुपारपासून तिचं बॅग कुठली न्यायची तेच चाललंय. लग्न मार्गशीर्षात आहे. मला एकदा विचारायचं तरी.

सावंत २०१ : वहिनी, गैरसमज नको. तिनेच रिप्लाय दिला म्हणून डिटेल्स दिले. चार रात्री, फोर स्टार, विमानतळावरून गाडी, चष्म्याचा नंबर घालवायला दोन्ही डोळ्यांचं लेसर, बॉस्फरस क्रूझ, शिवाय हमाम. सगळं एकाच रकमेत.

रेखाकाकू ३०३ : हमाम आमच्या मोरीतही आहे. त्यासाठी तुर्कस्तान?

जोगळेकर काका ४०४ : नंबर किती? कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची जाडी किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग)?

केतकी ९०२ : चष्मा लावूनही लग्न लागतं बरं का 🙂

रेखाकाकू ३०३ : तुझ्या वेळी बघू हं केतकी.

कुलकर्णी (सचिव) : उद्या टाकी सफाई. १० ते ४ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

मंजिरी ७०३ : काका, उजवा मायनस पावणेआठ, डावा मायनस सव्वासात. रोज लेन्स लावते.

जोगळेकर काका ४०४ : जाडी?

सावंत २०१ : तिथेच तपासतात ना काका. पहिल्या दिवशी सकाळी स्कॅन, दुपारी लेसर, दुसऱ्या दिवशी चेकअप, मग फिरायला मोकळे. मशीन जर्मन आहे.

डॉ. शुभदा ५०२ : मशीन जर्मन असेल हो. मशीन इथेही तेच आहे. अडचण सकाळी स्कॅन आणि दुपारी लेसर यात आहे. रोज सॉफ्ट लेन्स लावणाऱ्याच्या कॉर्नियाचा आकार लेन्सने थोडा बदललेला असतो. स्कॅनआधी सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे बंद हवी, कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे. विमानात लेन्स लावून बसली आणि उतरून स्कॅन केला, तर मोजमाप लेन्सचं येईल, डोळ्याचं नाही. आणि तिकीट, हॉटेल, पैसे सगळं भरून झाल्यावर 'तुमचा डोळा लेसरला योग्य नाही' हे ऐकायची तयारी पेशंटचीही नसते आणि सांगायची समोरच्याचीही.

सावंत २०१ : मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात, मान्य. पण जगभरातून लोक जातात तिकडे. सगळे वेडे का?

डॉ. शुभदा ५०२ : कोणी कोणाला वेडं म्हटलेलं नाही. जगभरातून लोक चेन्नईच्या शंकर नेत्रालयात आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसादमध्येही येतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून मोतीबिंदूच्या लेन्स इथेच बनवायला घेतल्या, त्या आज कितीतरी देशांत जातात. आपण उलट्या दिशेने कशासाठी चाललोय एवढंच विचारते.

पाटील १०४ : क्रूझसाठी 😄

मंजिरी ७०३ : मार्चमधला एक कागद सापडला फाइलमध्ये. पेंटाकॅम लिहिलंय. फोटो टाकते.

जोगळेकर काका ४०४ : हे आधी टाकायचं. कॉर्नियाचा स्कॅनच आहे हा. सर्वात बारीक जागी उजवा ४९८, डावा ५०३. सरासरी जाडी ५४० च्या आसपास असते. आता सगळ्यांनी गणित बघा. लॅसिक या लेसर ऑपरेशनमध्ये आधी वरचा पापुद्रा उघडतात, तो ११० मायक्रॉन. मग एक्सायमर लेसर एका नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन खातो. पावणेआठला ११६. एकूण गेले २२६. उरले २७२. किमान २५० उरायला हवेत म्हणून काही जण 'बसतंय की' म्हणतील. पण २२६ म्हणजे ४९८ च्या ४५ टक्के. ४० टक्क्यांच्या वर गेलं की कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो. एक्टेशिया म्हणतात. ते वर्षा-दोन वर्षांनीही होतं, तेव्हा पॅकेजवाला फोन उचलेल का ते सावंतांना विचारा.

सावंत २०१ : काका, वैयक्तिक होऊ नका.

रेखाकाकू ३०३ : काश्मीरच्या रिफंडसाठी फोन उचलला होता का? सहज आठवलं.

सावंत २०१ : तो विषय मिटला आहे.

रेखाकाकू ३०३ : तुमच्याकडून मिटला आहे.

केतकी ९०२ : मग स्माइल? त्यात पापुद्रा नसतो ना, छोट्या छेदातून करतात.

डॉ. शुभदा ५०२ : बरोबर. फेम्टोसेकंद लेसरने कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. पापुद्रा सरकायची भीती नाही, कोरडेपणाही कमी. पण वरचं झाकण साधारण १२० आणि एवढ्या नंबराला चकती १३०-१४०, म्हणजे खाली २४० च्या आसपास उरणार. तिथेही गणित बसत नाही. पीआरके हा लेसरचा तिसरा प्रकार, त्यात पापुद्राच नाही, फक्त वरची पेशींची साय काढतात, त्यामुळे ३३० च्या आसपास उरतात. मात्र तीन दिवस डोळे चांगलेच दुखतात, पट्टी म्हणून लावलेली लेन्स चार-पाच दिवस ठेवावी लागते, नजर साफ व्हायला आठवडे लागतात, आणि मोठ्या नंबरात धुरकट डाग येऊ नये म्हणून मायटोमायसिन वापरावं लागतं. स्टेरॉइडचे थेंब दोन-तीन महिने. त्याने काहींचं डोळ्याचं प्रेशर चढतं, म्हणून मधे मधे मोजावं लागतं. ते प्रेशर इस्तंबूलहून कोण मोजणार?

जोगळेकर काका ४०४ : तो मार्चचा स्कॅन काढला त्याआधी लेन्स किती दिवस बंद होती?

मंजिरी ७०३ : सायली म्हणते आदल्या रात्रीपर्यंत लावली होती.

जोगळेकर काका ४०४ : मग तो कागद रद्दी. दोन आठवडे चष्मा, मग नवा स्कॅन. लेन्सने कॉर्निया किंचित सुजलेला असतो, म्हणजे खरी जाडी ४९८ पेक्षाही कमी निघू शकते. नव्या कागदावर बेलिन-अँब्रोझिओचं पान मागा, कॉर्निया फुगण्याचा धोका त्यावर कळतो. त्यातला शेवटचा डी आकडा १.६ च्या खाली हवा. २.६ च्या वर असेल तर लेसरचं नावच काढायचं नाही. आणि डोळे चोळते का ती?

मंजिरी ७०३ : खूप. ॲलर्जी आहे ना, परागकण वगैरे.

जोगळेकर काका ४०४ : चोळणं आजपासून बंद. केराटोकोनसला, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याला आमंत्रण असतं ते.

कुलकर्णी (सचिव) : उद्या टाकी सफाई. १० ते ४ पाणी बंद. काल दोन जणांनी 'कळवलं नाही' असं म्हटलं, म्हणून पुन्हा.

देशपांडे ६०१ : डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. मंगळवारी पडद्याचं ऑपरेशन आहे. भोक बुजवायला आत गॅस सोडणार म्हणाले. १८ तारखेचं दुबईचं तिकीट आहे, लेकीकडे. जायला हरकत नाही ना?

डॉ. शुभदा ५०२ : हरकत आहे! काका, तिकीट आधी रद्द करा. विमानाच्या केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो. तिथे डोळ्यातला गॅस आहे त्यापेक्षा एक तृतीयांशापर्यंत जास्त फुगतो. डोळा रबरी नाही, आतलं प्रेशर एकदम चढतं, पडद्याची रक्तवाहिनी दबते आणि नजर कायमची जाऊ शकते. एसएफ६ असेल तर बुडबुडा दोन-तीन आठवडे राहतो, सी३एफ८ असेल तर सहा ते आठ आठवडे. कुठला गॅस ते डिस्चार्ज कागदावर लिहून घ्या. बुडबुडा पूर्ण गेला असं डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावरच विमान. गॅसऐवजी सिलिकॉन ऑइल घातलं तर विमान चालतं, पण ते नंतर काढायला दुसरं ऑपरेशन.

पाटील १०४ : आणि महाबळेश्वर?

डॉ. शुभदा ५०२ : साडेतेराशे मीटर. नाही. विचारल्याशिवाय खंडाळ्याचा घाटही नको. आणखी एक, त्या काळात दात, हाड, कशाचंही ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञाला 'डोळ्यात गॅस आहे' हे आधी सांगायचं. नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो. मनगटावर पट्टा देतात, तो काढू नका.

देशपांडे ६०१ : बरं झालं विचारलं. आठवडाभर मान खाली घालून राहायचं म्हणतात, ते खरं का?

डॉ. शुभदा ५०२ : भोक मध्यभागी असेल तर हो, काही दिवस. बुडबुडा वर तरंगतो, त्याने भोकावर दाब धरायला हवा.

कुलकर्णी (सचिव) : माजी खजिनदारांना मान खाली घालायची सवय व्हायला हवी होती एव्हाना.

देशपांडे ६०१ : ऑडिट रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावलेला आहे. वाचता येत नसेल तर डोळे तपासून घ्या, डॉक्टर याच ग्रुपवर आहेत.

पाटील १०४ : मंडळी 🙏 मंजिरीवहिनींचा विषय होऊ द्या. विम्याचं मी सांगतो. नंबर साडेसातच्या खाली असेल तर तो काढण्याचा खर्च पॉलिसीतून वगळलेला असतो, विमा नियामक आयआरडीएआयचं ठरलेलं कलम आहे ते. सायलीचा उजवा पावणेआठ, म्हणजे बसतो. डावा सव्वासात, म्हणजे कंपनी नाही म्हणणार. ऑपरेशनच्या आधी दोन्ही डोळ्यांचं लेखी विचारून घ्या, फोनवर 'होईल मॅडम' म्हटलेलं क्लेमच्या वेळी कोणाला आठवत नाही. बहुतेक आरोग्य पॉलिसी भारतातल्याच उपचाराला चालतात. आणि प्रवासाचा विमा ठरवून केलेल्या उपचाराला देत नाहीत. म्हणजे इस्तंबूलला डावा-उजवा दोन्ही खिशातून. परत काही झालं तर तेही खिशातून.

सावंत २०१ : एक्स्ट्रा प्रोटेक्शन प्लॅन घेता येतो.

पाटील १०४ : त्याची अटींची पानं टाका ना ग्रुपवर.

(यावर सावंत २०१ यांनी पत्रकच पुन्हा पाठवले.)

मंजिरी ७०३ : म्हणजे हिला काहीच करता येणार नाही का? पोरगी रडायला आलीये.

डॉ. शुभदा ५०२ : येईल की. लेसर नाही म्हणजे उपाय नाही असं नाही. आयसीएल बघा. कॉर्नियाला हात न लावता बाहुलीच्या मागे, स्वतःच्या नैसर्गिक लेन्सच्या पुढे एक मऊ लेन्स बसवतात. मायनस सात-आठला हा उपाय चांगला बसतो, आणि पुढे गरज पडली तर काढताही येते. नवीन प्रकाराच्या मध्यात ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, त्यातून डोळ्यातलं पाणी वाहतं राहतं. पूर्वी त्यासाठी बुबुळाला वेगळं भोक पाडावं लागे. मात्र कॉर्नियाच्या मागची जागा साधारण ३ मिलिमीटर खोल हवी आणि कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची संख्या मोजावी लागते.

जोगळेकर काका ४०४ : आणि साइज. १२.१, १२.६, १३.२, १३.७ अशा मापात येते. मोठी बसली तर पुढे उचलली जाते, डोळ्यातलं पाणी निचरायचा कोन बंद होऊन प्रेशर चढतं. लहान बसली तर मागच्या लेन्सला टेकून मोतीबिंदू. दोन लेन्समधलं अंतर २५० ते ७५० मायक्रॉन असलं की झोप लागते. म्हणून ऑपरेशननंतर काही तासांतच प्रेशर बघतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग वर्षानुवर्षं. हे काम घराजवळच करावं. लेन्सच्या डब्यावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या.

रेखाकाकू ३०३ : नंबर गेला की डोळे नॉर्मल ना मग?

डॉ. शुभदा ५०२ : नाही काकू. नंबर जातो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. लांब डोळ्यात पडदा ताणलेला आणि पातळ असतो. म्हणून काहीही करायच्या आधी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासायचा. भोक किंवा पातळ जागा असली तर आधी तिथे लेसरचे टाके. नंतरही वर्षातून एकदा तपासणी. अचानक काळे ठिपके, चमका, बाजूने पडदा आल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

केतकी ९०२ : आणि सावंतकाकांचा हमाम?

डॉ. शुभदा ५०२ : पहिला आठवडा डोळ्यात साधं नळाचं पाणीही नको. वाफ, साबण, पोहणं तर नाहीच. लॅसिकच्या पापुद्र्याला सुरकुती पडली तर ती एक-दोन दिवसांत उघडून सरळ करता येते, उशीर झाला की बसून जाते. पापुद्र्याखाली सूज आली तर तीही पहिल्याच दिवसांत पकडावी लागते. पॅकेजमध्ये ते दिवस क्रूझला आणि विमानाला दिलेत.

सावंत २०१ : ठीक आहे. मी आपला सेवेच्या भावनेने टाकलं होतं. यापुढे टाकणार नाही.

रेखाकाकू ३०३ : मार्गशीर्षात होईल का पण? हळदीला काय करायचं? आणि आपल्याकडे अक्षता नेम धरून मारतात.

जोगळेकर काका ४०४ : अक्षतांचा मुद्दा विनोद नाही. लॅसिकवाल्या डोळ्याला पहिल्या महिन्यात असा मार बसायला नको.

डॉ. शुभदा ५०२ : मंजिरी, ऑपरेशन आणि हळद यात किमान महिना-दीड महिना ठेव. काजळ-मस्कारा दोन आठवडे आधी-नंतर नाही. मुरुमांची आयसोट्रेटिनोइनची गोळी चालू असेल तर आत्ताच सांग, डोळे कोरडे पडतात, थांबावं लागेल. तारीख बसत नसेल तर लग्न चष्म्यावर, ऑपरेशन पौषानंतर. फोटोग्राफर काच चमकू देत नाहीत हल्ली.

केतकी ९०२ : मी मघाशी हेच म्हटलं होतं.

मंजिरी ७०३ : शुभदाताई, आजपासून लेन्स बंद केली तर दोन आठवड्यांनी सोमवारी दाखवायला येऊ का?

डॉ. शुभदा ५०२ : ये, साडेनऊला. जुन्या चष्म्यांचे सगळे कागद आण, वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडला असेल तर आयसीएलही लांबवू. आणि तिला स्कूटर चालवत आणू नकोस, बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास उन्हात डोळे उघडवत नाहीत.

पाटील १०४ : साडेनऊला घोडबंदरवर रिक्षा? त्यापेक्षा इस्तंबूल लवकर येईल.

कुलकर्णी (सचिव) : उद्या टाकी सफाई. १० ते ४.