आईच्या हिरड्यातून रक्त येऊन राह्यलं, दात हलते पण दुखत नाही. काढाच लागतीन का?

कास्तकाराचं_पोरगं

नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातले, कापूस अन् तुरीची शेती आहे. माह्या आईबद्दल विचारायचं होतं, वय ५४. लय दिवसापासून दात घासताना रक्त येते, आधी थोडंसंच यायचं म्हणून घरात कोणी मनावर घेतलं नाही, आता थुंकलं का लालच दिसते. खालचे समोरचे दोन दात बोट लावलं का हलते, हिरड्या खाली सरकल्यासारख्या झाल्या अन् दात पहिलेपेक्षा लांब दिसते. तोंडाचा वास येते म्हणून बोलताना पदर लावते, तिलेच कसंतरी वाटते, लग्नाकार्यात जाणं कमी केलं तिनं. पण दुखत मात्र काहीच नाही, म्हणून ती म्हणते दुखत नाही तं कायले पैसे घालवता, उलंगवाडी होऊ दे, म्हणजे कापसाची वेचणी संपू दे, मंग पाहू.

घासते राखुंडीनं, कधी मिठानं, अन् जेवण झालं का तंबाखू-चुना आहेच. शुगरची गोळी चालू आहे अन् बीपीची पण. मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या होत्या, खाल्ल्या तोवर बरं वाटलं, बंद केल्या का जसंच्या तसं. शेजारची काकू म्हणते मशीननं दात साफ करू नका, मशीन लावली का होते नव्हते तेही दात ढिले होते. कोणाले माहीत असन तं सांगा हे नेमकं काय आहे अन् न्यायचं तं कुठं न्यायचं.

दंतवाला_वर्धा

भाऊ, मी बीडीएस म्हणजे दाताचा डॉक्टर आहे, ग्रामीण भागातच काम करतो, रोज हेच पेशंट पाहतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. न पाहता पक्कं निदान सांगता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलं त्यावरून हा हिरडीचा आजार पुढच्या टप्प्यातला वाटतो, पेरिओडोन्टायटिस म्हणतात त्याला, गावाकडे पायरिया म्हणतात.

दातावर रोज एक चिकट थर बसतो, त्यात जंतू असतात. तो नीट निघाला नाही तर काही दिवसात त्याचा कडक थर होतो, पिवळा-काळा, दातालाच चिकटलेला, त्याला कीटण म्हणा किंवा टार्टर म्हणा. एकदा कडक झाला की ब्रशने निघत नाही, राखुंडीने तर नाहीच, उलट राखुंडी खरखरीत असल्याने दात झिजतात आणि हिरडी सोलते. या थरामुळे हिरडी सुजते, लाल होते, हात लागला की रक्त येतं. इथपर्यंत थांबवलं तर हिरडी पूर्ववत होते, नुकसान काही राहत नाही. पण तसंच चालू राहिलं की सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड हळूहळू झिजायला लागतं. विहिरीच्या काठची माती खचत गेली की काठावरचं झाड डुलायला लागतं, तसा दात हलतो, दात मात्र स्वतः चांगलाच असतो, कीडबिड काही नसते. आणि हे सगळं होताना दुखत नाही हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट. दाढ किडली की माणूस रात्री दोनला उठून बसतो आणि सकाळी दवाखान्यात येतो, हिरडीवाला माणूस दात हलल्यावरच येतो. तोपर्यंत गेलेलं हाड साध्या सफाईने परत भरून येत नाही, पण आहे तेवढं वाचवता येतं, म्हणून उलंगवाडीची वाट पाहू नका.

मशीनबद्दल. मशीनने दात ढिले होत नाहीत. झालेलं असं असतं की हाड आधीच गेलेलं असतं आणि दातांच्या मधल्या फटी त्या कीटणाने भरलेल्या असतात, त्याच्याच आधाराने दात एकमेकांना धरून उभे असतात. ते काढलं की फट दिसते, आधीचाच ढिलेपणा कळतो, थंड पाणी झिणझिणतं, आणि नाव मशीनचं होतं. तुमच्या काकूंना हे नक्की सांगा, कारण या एका गैरसमजापायी आमच्याकडे लोक दात जाईपर्यंत थांबतात.

इलाज असा होईल, आधी एक्सरे काढून हाड किती राहिलं ते पाहतील आणि बारीक काडीसारख्या अवजाराने हिरडी-दाताच्या मधली खोली मोजतील. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या पुढे जितकी खोल तितका आजार जास्त. मग वरची सफाई, नंतर हिरडी बधिर करून आतली मुळावरची सफाई, ही एका बैठकीत सगळ्या तोंडाची होईलच असं नाही, भाग पाडून करतात. दीड-दोन महिन्यांनी परत मोजतात. तरी खोल राहिलं तर हिरडी थोडी उघडून साफ करायची सर्जरी असते, फ्लॅप म्हणतात, ती सगळ्यांनाच लागत नाही. हलणारे दोन दात वाचतील की काढावे लागतील हे एक्सरेवर ठरेल, थोडे हलत असतील तर शेजारच्या दातांना तारेने बांधूनही ठेवतात.

नुसत्या गोळ्यांनी तात्पुरतं का बरं वाटलं तेही सांगतो. जंतू दबले, पण कीटण जागच्या जागी, त्यामुळे परत तेच. पुन्हा मेडिकलमधून मनाने आणू नका.

आणि शुगर. हे हलक्यात घेऊ नका. शुगर जास्त असली की हिरडी लवकर बिघडते आणि उशिरा भरते, आणि हिरडीची सूज राहिली की शुगरही आटोक्यात येत नाही, दोन्हीकडून ओढाताण असते. हिरडीचा नीट इलाज केल्यावर एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) तीन-चार महिन्यांत थोडी खाली येते हे अभ्यासातून दिसलेलं आहे, अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असेल पण येते. जाण्याआधी ती तपासणी करून रिपोर्ट सोबत न्या. आईला उपाशी नेऊ नका, जेवू घालून, रोजची गोळी देऊन न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

निंबाची_काडी

माह्या मते एवढं मशीनफिशीन करण्यापेक्षा कडूनिंबाची काडी चावा, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या करा, आमचा आबा ऐंशीचा झाला तरी फुटाणे खात होता. जुन्या लोकाईनं कोणता ब्रश वापरला.

दंतवाला_वर्धा

आबांचे दात चांगले राहिले, आनंद आहे. काडी मऊ चावून हलक्या हाताने वापरली तर वाईट नाही, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सूज थोडी शांतही होते. पण हिरडीच्या आत गेलेलं कीटण काडीनेही निघत नाही आणि तुरटीनेही नाही. तुरटीने हिरडी आवळते, रक्त थोडे दिवस दिसत नाही आणि माणसाला वाटतं बरं झालं. दात हलायला लागलेल्या माणसाला हे सांगून थांबवू नका ही विनंती.

गोंदियाची_सून

ताईदादा, आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, बाया गुडाखू घासतात, माझ्या सासूबाई पण घासायच्या, सकाळ संध्याकाळ दोन्ही टाइम, घासल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायच्या. त्यात तंबाखू आणि गूळ असतो. त्यांचंही असंच झालं होतं, रक्त मग वास मग दात हलणं. आम्ही नागपूरला मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथं हिरड्यांचा विभाग वेगळाच आहे. गर्दी असते त्यामुळे सकाळी लवकर पोचून केसपेपर काढावा लागतो, दुपारी पोचून काही फायदा नाही, आणि शिकणारे डॉक्टर करतात पण वर मोठे डॉक्टर पाहत असतात, घाबरायचं कारण नाही. खर्च बाहेरच्या मानाने खूपच कमी. तुम्हाला तर सावंगी मेघेचं डेंटल कॉलेज जवळ पडेल, वर्ध्याला लागूनच आहे.

सफाई झाल्यावर पहिले काही दिवस सासूबाई चिडल्या होत्या, फटी पडल्या, चहा झोंबते, तुम्ही माझे दात खराब केले म्हणून. हे होणार हे आईला आधीच सांगून ठेवा नाहीतर दुसऱ्या बैठकीला येणार नाहीत. नंतर झोंबणं कमी झालं, रक्त बंद झालं, वास गेला. जे दात अगदीच गेले होते ते काढावे लागले, तिथं काढता-घालता येणारे दात बसवले, बाकीचे आजही त्यांचे स्वतःचे आहेत आणि त्या भाकर चावून खातात. मला मनापासून वाटतं की बाईमाणसाच्या तोंडाच्या दुखण्याकडे घरात सगळ्यात शेवटी पाहिलं जातं, तुम्ही पोरगा असून विचारून राहिले हे फार चांगलं केलं.

कास्तकाराचं_पोरगं

सगळ्याईचे आभार, ताई तुमचं वाचून आईले वाचून दाखवलं, यायले तयार झाली. दोन गोष्टी राहिल्या. बीपीची गोळी अम्लोडिपिन आहे, त्याचा काही संबंध? अन् घरी बायकोले पाचवा महिना चालू आहे, तिच्याही हिरड्या फुगल्या अन् ब्रश करताना रक्त येते, तिच्यासाठी काय करावं? ती पेस्टच वापरते, तंबाखूबिंबाखू काही नाही.

दंतवाला_वर्धा

अम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, दातावर चढल्यासारख्या जाड होतात, फिटच्या फेनिटोइन गोळीनेही तसं होतं. आईच्या तर खाली सरकल्या आहेत, म्हणजे मुख्य कारण ते दिसत नाही, तरी गोळीचं पाकीट सोबत न्या आणि गोळी मात्र स्वतःहून सोडू नका, बदलायची असेल तर बीपीचे डॉक्टर बदलतील.

वहिनींचं वेगळं आहे. गरोदरपणात हार्मोनमुळे हिरड्या थोड्याशा थरालाही जास्त सुजतात. घाबरू नका, पण रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका, बऱ्याच बाया तेच करतात आणि मग अजून वाढतं. मऊ ब्रश घ्यायचा, दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरपा टेकवून हळूहळू हलवायचा, रात्री झोपताना तर घासायचेच. चौथा ते सहावा महिना दाताच्या कामाला सगळ्यात सोयीचा असतो, सफाई करता येते, त्यामुळे आईसोबतच दाखवून आणा. किती महिने झाले ते आधी सांगायचं.

आईलाही हाच ब्रश, आणि फटी मोठ्या असतील तर मधे घालायचा बारीक ब्रश मिळतो तो. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश लिहून दिलं तर सांगितले तेवढेच दिवस वापरा, साधारण दोन आठवडे, जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. तंबाखू सुटल्याशिवाय मात्र केलेला इलाज टिकत नाही, हे आईसमोर डॉक्टरांना बोलायला लावा, घरच्यांचं ऐकत नाहीत.

यवतमाळ_४४५

सर मधात विचारतो माफ करा, मी २९ चा आहे, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला) खातो, दिवसाच्या पाच-सहा पन्न्या होतात, टपरीवाला घोटून देते. माझ्या हिरड्यातून रक्त येत नाही पण ज्या बाजूला खर्रा दाबतो तिकडची हिरडी खाली गेली अन् तिखट बिलकुल सहन होत नाही, पाणीपुरी तोंडात पूर्ण जात नाही. हे पण पायरियाच आहे का?

दंतवाला_वर्धा

भाऊ, तुमचा प्रश्न या धाग्यात सगळ्यात तातडीचा आहे. खर्रा एकाच जागी दाबून ठेवला की तिथली हिरडी सरकते हे खरं, पण तिखट न सोसणं आणि तोंड कमी उघडणं हे हिरडीचं नाही, गालाच्या आतली कातडी आवळत चालल्याचं लक्षण आहे, सबम्युकस फायब्रोसिस. ते सुपारीमुळे होतं आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा, जात नसतील तर नक्कीच, आणि जात असतील तरी या आठवड्यातच दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यात न भरलेला छाला असेल तर एक दिवसही थांबू नका. आवळलेली कातडी पूर्ण पहिल्यासारखी होणं कठीण असतं, पण खर्रा आज बंद केला तर पुढे वाढायचं बरंच थांबतं, व्यायाम आणि औषधाने तोंड थोडं उघडतं. नुसती तंबाखू कमी करून सुपारी चालू ठेवू नका, सुपारी स्वतःच घातक आहे. सोडताना डोकं दुखेल, चिडचिड होईल, त्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे समुपदेशन मिळतं. दाखवून आलात की इथे लिहा, मी पाहत राहीन.