शब्दचर्चा: डेम्लो संख्या

नौपाडेकर:
ठाण्यातल्या एका शाळेत गणित दिनाला (२२ डिसेंबर) फलक लागणार आहे. त्यावर १२३४५६७८९८७६५४३२१ ला ‘डेम्लो संख्या’ म्हणणं बरोबर आहे का? कोशात हा शब्द मिळाला नाही.

अंकवेडा:
बरोबर आहे. शब्द गणिती द. रा. कापरेकरांचा. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली! जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेच्या त्या स्थानकावर या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी हे नाव दिलं. कापरेकरांचा जन्म डहाणूचा (१९०५), माध्यमिक शिक्षण ठाण्यात. ठाण्याच्या फलकावर त्यांचं नाव हवंच.

त्यांची अट अशी: संख्येचे तीन भाग करा. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा भाग मिळवले की त्याच अंकाची रांग यायला हवी. १६५ मध्ये १+५=६. २५५३ मध्ये २+३=५. तुमच्या संख्येत मध्ये ९ आहे, आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

ऐरोलीकर:
पण आता बरेच जण १, १२१, १२३२१ या मालिकेलाच डेम्लो म्हणतात, म्हणजे सगळे अंक १ असलेल्या संख्यांचे वर्ग. हा अर्थ घेतला तर १६५ बाद होते. फलकावर कुठला अर्थ घेतलाय ते लिहाच.

मालिका नऊ एकांपर्यंतच का टिकते, हेही दाखवा. तुमची संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. गुणाकारासाठी १११११११११ नऊ वेळा एकाखाली एक मांडा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवा. उभ्या बेरजा १, २, … ९, … २, १ येतात, हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधली बेरीज १० होते, तिचा हातचा शेजारच्या ९ ला मिळून पुन्हा १०. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१, म्हणजे उलट वाचल्यावर वेगळंच. अंकांची बेरीजही १०० न होता ८२. प्रत्येक हातच्याला ९ घटतात. तुमच्या संख्येत ती बरोबर ८१, म्हणजे ९ चा वर्ग.

नौपाडेकर:
एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग केला तर शेवटी ३०० येतं.

अंकवेडा:
एक्सेल १५ अंकच राखतं, ही संख्या १७ अंकी आहे. विषम संख्येचा वर्ग विषमच असतो, तेव्हा शेवटी शून्य येणं अशक्य. फलकासाठी तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग संख्या टंका. अवयवही द्या: १११११११११ = ९ × १२३४५६७९ (यात ८ नाही!), आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७.

ऐरोलीकर:
अक्षरी लिहिणार असाल तर खर्व, निखर्व टाळा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात खर्व म्हणजे १ वर १० शून्यं. अब्ज, दशअब्ज, खर्व अशी यादी पाठ केलेल्यांसाठी ११. स्वल्पविराम पुरे: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१.