जिन्यातली कोंडी : कुलूप काढा की पट कमी करा?

सहावीचा बाबा (धागाकर्ता)
लेक पुण्यातल्या एका मोठ्या शाळेत आहे. सकाळचं अधिवेशन साडेबाराला सुटतं, दुपारचं पावणेएकला भरतं. त्या पंधरा मिनिटांत एकाच जिन्यावरून वरची मुलं खाली येतात आणि खालची वर जातात. गेल्या आठवड्यात लेक धक्क्याने पडली, गुडघा फुटला. दुसरा जिना आहे, पण त्याला कुलूप. म्हणे तिकडे लक्ष ठेवायला माणूस नाही.

परवानगी घेऊन दोन दिवस खाली उभा राहिलो. कोंडी सुरू होते ती जिन्याच्या पायथ्याशी. पाऊस असला की पुढची मुलं तिथेच थांबून रेनकोट चढवतात आणि मागचा लोंढा येतच राहतो. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर असंच झालं होतं. पावसामुळे लोक जिन्यात खोळंबले, मागून गर्दी वाढत गेली, २३ माणसं गेली. इथे तर लहान मुलं आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर.

एक जिना चढायला, दुसरा उतरायला ठेवा. रेनकोट वर्गातच घालायला लावा. आणि मजल्यांप्रमाणे पाच-पाच मिनिटांच्या फरकाने सोडा.

निवृत्त शिक्षिका
वेळा सरकवायला माझा ठाम विरोध. तास पस्तीस मिनिटांचा. गणिताच्या एकाच बाई पाचवीलाही असतात आणि आठवीलाही, त्यांनी कुठली पाच मिनिटं सोडायची? धाकटं भावंड आधी सुटून फाटकाशी एकटं उभं राहणार. व्हॅनवाले काका सगळी मुलं आल्याशिवाय निघत नाहीत, म्हणजे आतली गर्दी तुम्ही रस्त्यावर आणून ठेवणार.

कुलपाचंही ऐका. आमच्या शाळेत मागच्या जिन्यात मोठी मुलं लहानांना अडवून डबे काढून घ्यायची. एका मुलाने त्या धास्तीने शाळाच सोडली, तेव्हा कुलूप लागलं.

सहावीचा बाबा
भावंडांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. वेळांची मागणी मागे घेतो. कुलपाची नाही. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली, ९४ मुलं गेली. धूर भरल्यावर किल्ली कोणाकडे आहे, हे शोधत बसणार का?

दोन मुलांचा पालक
तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक आहे. आमच्याकडे एका तुकडीत साठच्या वर मुलं. पट कमी होत नाही तोवर दहा जिने बांधा, कोंडी होणारच. आणि आपण पालकही त्याच शाळेसाठी हट्ट धरतो, मीसुद्धा धरला.

पीटीचा शिक्षक
पट कमी व्हायला वर्षं लागतील, मुलगी गेल्या आठवड्यात पडली. आपल्याकडे मुलं वर्गातच बसतात, तासाला शिक्षक बदलतात. त्यामुळे व्हरांडे दिवसभर मोकळे असतात. भरताना, सुटताना आणि मधल्या सुट्टीत तेवढी झुंबड. आमच्याकडे पाण्याचे नळ जिन्याला लागून होते, मधल्या सुट्टीत रांग थेट पायऱ्यांवर यायची. नळ मैदानाच्या बाजूला हलवले आणि तिथली कोंडी सुटली. सुटताना मात्र प्रत्येक वळणावर एक शिक्षक लागतोच.

निवृत्त शिक्षिका
तो शिक्षक आणायचा कुठून? मतदार याद्यांना तोच, सर्वेक्षणाला तोच. चार तास सलग बोलून त्याला दहा मिनिटं बसायचं असतं, तेवढीही काढून घेणार?

सहावीचा बाबा
मग पालक उभे राहतील. मंगळवार आणि शुक्रवार माझे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत बाकीच्या दिवसांसाठी नावं मागतो.

निवृत्त शिक्षिका
मागच्या जिन्यात रोज मोठं माणूस असणार असेल, तर कुलूप काढायला माझी हरकत नाही. ओळखपत्राशिवाय मात्र कोणाला आत घेऊ नका. आणि रेनकोटचं बैठकीवर ठेवू नका, वर्गशिक्षिकेला आजच सांगा.