‘देवानं मला वापरलं’ असं म्हणणं बरोबर आहे का?

रविवारचा_वर्ग
जय ख्रिस्त. काल उपासनेत बायबलमधल्या ‘2 राजे’ या पुस्तकाच्या अध्याय 5 वर उपदेश झाला. गोष्ट माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अरामाचा सेनापती नामान याला कुष्ठरोग होता. त्याच्या बायकोच्या हाताखाली इस्राएलाहून धरून आणलेली एक लहान मुलगी होती. ती मालकिणीला एवढंच म्हणाली की, धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. त्या एका वाक्यावर राजाचं पत्र निघालं, रथ निघाले, 6,000 शेकेल सोनं निघालं. तिकडे त्या संदेष्ट्यानं, अलीशानं, ‘यार्देन नदीत सात बुड्या मार’ असा नुसता निरोप पाठवला, तेव्हा नामान चिडून परत निघाला. त्याची समजूत घातली तीही त्याच्या नोकरांनीच. दोन राजे, एक सेनापती, एक संदेष्टा, आणि गाडा हलवला तो एका पोरीनं आणि चार नोकरांनी. त्यांच्यातल्या एकाचंही नाव शास्त्रात नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही काम सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं: “माझं शिक्षण नाही हो.” देवानं इस्राएलाला सोडवायला बोलावलं तेव्हा गिदोनही हेच म्हणाला होता, माझं कुळ मनश्शे वंशात सगळ्यांत दुबळं आणि मी घरात सगळ्यांत धाकटा. तेव्हा तो शत्रूच्या, मिद्यान्यांच्या भीतीनं द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. देवानं त्याला तिथेच गाठलं. मला वाटतं, ‘मी काय करणार’ ही नम्रता नाही, ती देवाबद्दलची शंका आहे. तो साध्या माणसांना वापरतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्हाला काय वाटतं?

थोमाचा_भाऊ
मला ‘वापरतो’ हा शब्दच पटत नाही. भांडी वापरतात, पाणी वापरतात. माणसाला वापरून घेतलं असं आपण म्हणतो तेव्हा ती तक्रार असते.

हीच गोष्ट ऐकून आम्ही घरी येत होतो. माझी आठ वर्षांची पुतणी स्कूटरवर मागे बसली होती. तिनं विचारलं, “काका, मग त्या मुलीला घरी सोडलं का?” मला काही सांगता येईना. घरी येऊन अध्याय दोनदा वाचला. नामान बरा झाला, परत जाताना त्यानं दोन खेचरं वाहतील एवढी माती मागून नेली, का तर त्या मातीवर इस्राएलाच्या देवाची भक्ती करता यावी. म्हणजे तिच्या गावची माती तिच्यापर्यंत गेली. ती त्या मातीपर्यंत आली का, याबद्दल एक अक्षर नाही.

आणि पहिलं वचन वाचा. अरामाला जय परमेश्वरानं दिला असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मग ती धरून नेली गेली तीही योजनाच का? तिच्या आईला जाऊन हे सांगायची तुमची तयारी आहे?

रात्रपाळी
@थोमाचा_भाऊ, मी वॉर्डात नर्स आहे, असे प्रश्न मला पुस्तकातून पडत नाहीत. माझं म्हणणं सांगते. जय देवानं दिला असं लिहिलंय, पण पोरी पळवा असं त्यानं सांगितल्याचं लिहिलेलं नाही. तिला धरून नेणाऱ्या टोळ्यांनी केलं ते पापच होतं. मला त्या मुलीत दिसतं ते वेगळंच. जिच्याकडून सगळं हिसकावून घेतलं तिच्याकडे एक गोष्ट उरली होती, तिला माहीत असलेली. ती तिनं स्वतःच्या शत्रूच्या भल्यासाठी सांगितली. कोणी विचारलं नव्हतं. गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. तिला कोणी वापरलं नाही, तिनं दिलं.

थोमाचा_भाऊ
@रात्रपाळी, ‘तिनं दिलं’ हे मला मान्य. मग तसंच म्हणूया ना. श्रेय तिचं आहे.

दगडी_चर्च
दोघांचंही शास्त्रात बसतं. 1 करिंथ 3:9 मध्ये प्रेषित पौल स्वतःला आणि त्याच्यासारखाच उपदेश करणाऱ्या अपुल्लोसाला देवाचे सहकारी म्हणतो. योहान 15 मध्ये प्रभू शिष्यांना म्हणतो, यापुढे तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणतो. पण प्रेषितांची कृत्ये 9:15 मध्ये त्याच पौलाला निवडलेलं पात्र म्हटलंय, म्हणजे भांडंच. तेव्हा ‘वापरतो’ हा शब्द एकदम मोडीत काढता येणार नाही.

जवळचं उदाहरण देतो. 1893 साली कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलता बोलता त्यानं नवा करार हातात दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण उपासनेत त्यांची पदं गातो, ती ज्याच्यामुळे मिळाली त्या सहप्रवाशाचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? तो प्रवासात शेजारच्याशी चार शब्द बोलला.

थोमाचा_भाऊ
आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई? त्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या वाट्याला काही वर्षं नवऱ्याचा वियोग आला, पदरात लहान मूल. त्यांनीच तो काळ ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलाय, वाचताना पोटात तुटतं. डब्यातल्या गृहस्थाची गोष्ट सांगताना ही बाजू कोणी सांगत नाही. साक्ष द्यायची तर पूर्ण द्या.

दगडी_चर्च
हे खरं आहे, मी ती बाजू गाळायला नको होती. पण पुढचंही सांगतो. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अपुरं राहिलं, ते 1919 मध्ये गेले, आणि पुढचे कितीतरी अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. दुःख योग्य होतं असं मी म्हणत नाही. दुःखापाशी देव थांबला नाही, एवढंच म्हणतो.

भगिनी_मंडळ
मी इथे कधी लिहीत नाही, आज राहवलं नाही.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचे काचेचे छोटे पेले मी 19 वर्षं धुते. द्राक्षरस वाळला की तळाशी जांभळं कडं धरतं. पेल्यात बोट जात नाही, म्हणून काडीला मलमलचं फडकं गुंडाळून ते काढावं लागतं. हे काम मला आवडतं. एकेक पेला उजेडात धरून बघताना मी त्या घरासाठी प्रार्थना करते, कोण कुठे बसतं हे मला पाठ आहे.

पण दर वार्षिक सभेत सांगतात, ‘देव आपल्या साध्या भगिनींना वापरतो,’ आणि टाळ्या होतात. गेल्या वर्षी कमिटीसाठी माझं नाव सुचवलं गेलं, तर उत्तर आलं, “ताई, तुमचं कृपादान वेगळं आहे.” साधी म्हणजे खाली बसणारी, असा अर्थ तुम्ही लोकांनी कधी केला? देवाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या नावावर दुसरेच वापरून घेतात, तिथे आहे.

रविवारचा_वर्ग
ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. धागा मी सुरू केला, तर मलाच उत्तर द्यायला हवं.

आपण अर्धंच शिकवतो. प्रभूचे शिष्य पेत्र आणि योहान न शिकलेले, सामान्य माणसं होती हे सांगतो, पण ते वचन (कृत्ये 4:13) न्यायसभेपुढचं आहे हे सांगत नाही. देवानं या दोन कोळ्यांना जाळ्यापाशी ठेवलं नाही, अधिकाऱ्यांसमोर बोलायला उभं केलं. यापोची टबीथा घ्या. ती विधवांसाठी कपडे शिवायची. ती मेली तेव्हा त्या बायका रडत रडत तिनं शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत होत्या. कृत्ये लिहिणारा लूक तिचं नाव दोन भाषांत देतो, टबीथा आणि दुर्कस. आणि तिला शिष्या म्हणतो. मूळ ग्रीकमधला तो स्त्रीलिंगी शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त तिच्यासाठी आलाय. सुईदोऱ्याचं काम करणारी म्हणून तिची रांग वेगळी केली नाही.

तेव्हा माझं मत बदललं नाही, पण अपुरं होतं. देव साध्या माणसांना हाताशी धरतो हे मी मरेपर्यंत म्हणेन. मात्र ज्या मंडळीत तेच लोक कायम मागच्या बाकावर राहतात, तिथे हे वाक्य उच्चारण्याआधी मंडळीनं त्यांची क्षमा मागावी.

थोमाचा_भाऊ
@रविवारचा_वर्ग, ‘हाताशी धरतो’ चालेल. त्यात दोन हात लागतात. पुतणीच्या प्रश्नाचं काय करू?

रविवारचा_वर्ग
तिला खरं सांगा, शास्त्रात लिहिलेलं नाही. येत्या रविवारी मी वर्गात तिचाच प्रश्न घेणार आहे. प्रत्येक मुलानं त्या मुलीला नामानच्या घरी एक पत्र लिहायचं. पुतणीनं लिहिलं तर मला पाठवा, तेही वाचून दाखवते.

रात्रपाळी
@भगिनी_मंडळ, ताई, कमिटीचं पुढे काय झालं?

भगिनी_मंडळ
निवडणूक मार्चमध्ये आहे. या वेळी अर्ज मी स्वतः भरलाय. आणि पहिल्या रविवारी उपासनेनंतर पेले धुवायला कमिटीतल्या दोघांना बोलावलंय. एक जण येतो म्हणालाय. काड्या आणि फडकं मी नेईन.